फुप्फुसाचा कॅन्सर चौथ्या टप्प्यापर्यंत कळत का नाही?

प्रश्न थोडक्यात असा: "माझे बाबा 63 वर्षांचे. बिडी-सिगारेट कधी ओढली नाही, खर्राही नाही. एप्रिलमध्ये खोकला सुरू झाला. आम्हाला वाटलं कूलरच्या हवेने झाला. वजन कमी झालं, संध्याकाळी अंग गरम लागायचं. एक्स-रेमध्ये डाग दिसला म्हणून एकेटी (टीबीची औषधं) सुरू झाली. चार महिन्यांनी छातीत पाणी भरलं. ते तपासलं तर अ‍ॅडेनोकार्सिनोमा, चौथा टप्पा. मागच्याच वर्षी फुल बॉडी चेकअप केला होता, तेव्हा एक्स-रे नॉर्मल होता. मग एवढा मोठा आजार अचानक कसा आला? आमचं कुठे चुकलं? आता आईची आणि काकांची तपासणी करून घ्यावी का? काका तीस वर्षं बिडी ओढतात."

ताई, बाबांच्या छातीतली गाठ या उन्हाळ्यात तयार झालेली नाही. ती बहुधा काही वर्षांपासून तिथे होती आणि त्यातली बरीचशी वर्षं ती कुणालाही कळण्यासारखी नव्हती. त्यानंतरचे काही महिने मात्र ती कळू शकली असती. हे दोन काळ मी नेहमी वेगळे धरतो. पहिल्या काळासाठी स्वतःला किंवा डॉक्टरला दोष देण्यात अर्थ नाही. दुसरा काळ कमी करता येतो, आणि नागपुरात छातीचे रुग्ण तपासताना मला सगळ्यात जास्त तळमळ वाटते ती त्याच काळाची.

आधी पहिल्या काळाबद्दल. फुप्फुसाच्या आतल्या भागाला दुखणं कळत नाही. हाताला काटा टोचला की लगेच कळतं, पण फुप्फुसाच्या गाभ्यात वेदना पोचवणाऱ्या नसा नाहीत. फुप्फुसाला चिकटलेलं आतलं आवरणही याबाबतीत मुकंच. दुखतं ते छातीच्या भिंतीला लागून असलेलं बाहेरचं आवरण, आणि त्यापलीकडच्या बरगड्या. म्हणजे छातीत दुखायला लागलं याचा अर्थ बऱ्याचदा असा असतो की गाठ आतून वाढत वाढत भिंतीपर्यंत येऊन पोचली.

दुखत नाही, तर निदान खोकला तरी यायला हवा होता, असं कुणालाही वाटेल. खोकल्याची संवेदना मुख्यतः स्वरयंत्र, श्वासनलिका आणि तिच्या मोठ्या फांद्यांमध्ये असते. बारीक फांद्यांकडे जावं तशी ती कमी होत जाते आणि हवेच्या पिशव्यांमध्ये नसतेच. बाबांना झालेला अ‍ॅडेनोकार्सिनोमा हा प्रकार बहुतेक वेळा फुप्फुसाच्या कडेच्या भागात, म्हणजे या मुक्या भागातच उगवतो. बिडी-सिगारेटशी घट्ट नातं असलेले स्क्वॅमस आणि स्मॉल सेल हे प्रकार बहुधा मधल्या मोठ्या नळ्यांजवळ होतात. ते त्यामानाने लवकर खोकला आणतात, कफात रक्त आणतात. पण बिडी ओढणाऱ्याला खोकला आधीपासूनच असतो, त्यामुळे त्यातला बदल त्याच्या लक्षात येत नाही.

दमही लागत नाही. धडधाकट माणसाने छाती भरून श्वास घेतला की दोन्ही फुप्फुसांत मिळून पाच लिटरच्या आसपास हवा मावते. तीन सेंटिमीटर व्यासाची गाठ म्हणजे सुमारे 14 मिलिलिटर. पाच लिटरमधले 14 मिलिलिटर गेले तर शरीराला पत्ताही लागत नाही. दुसरं फुप्फुस चांगलं असेल तर शल्यचिकित्सक एक पूर्ण फुप्फुस काढून टाकू शकतात आणि माणूस त्यानंतरही हिंडता-फिरता राहतो. आपल्या जगण्यासाठी फार उपयोगी असलेली ही शिल्लक क्षमता या आजाराला मात्र लपायला जागा देते.

आता 'अचानक' का वाटलं ते सांगतो. एका पेशीपासून एक सेंटिमीटरची गाठ व्हायला, म्हणजे साधारण शंभर कोटी पेशी व्हायला, सुमारे 30 वेळा दुप्पट व्हावं लागतं. एक सेंटिमीटरची दहा सेंटिमीटर व्हायला फक्त आणखी 10 वेळा. म्हणजे गाठीच्या आयुष्याचा तीन-चतुर्थांश भाग ती एक सेंटिमीटरच्या आतच असते. प्रत्यक्ष शरीरात हे इतकं काटेकोर चालत नाही. काही पेशी मरतात, वाढीचा वेग बदलतो. स्मॉल सेल प्रकार काही आठवड्यांत दुप्पट होतो, काही अ‍ॅडेनोकार्सिनोमा कित्येक महिने घेतात. तरी हिशेबाचा अर्थ बदलत नाही. दीर्घकाळ काहीच दिसत नाही आणि मग काही महिन्यांत सगळं एकदम दिसायला लागतं. शिवाय पसरण्यासाठी गाठ मोठीच व्हावी लागते असं नाही. कडेची दोन सेंटिमीटरची गाठ आवरणाला भिडली की तिच्या पेशी आवरणाच्या पोकळीत सांडतात आणि तिथे पाणी साचू लागतं. पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या की, मूळ गाठ केवढीही असो, आजार चौथ्या टप्प्यात गणला जातो. बाबांचं तसंच झालेलं दिसतं.

मागच्या वर्षीच्या नॉर्मल एक्स-रेबद्दल तुमच्या मनात राग असेल. एक्स-रे ही सावली आहे. सगळी छाती एका सपाट चित्रात उतरते. एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ त्यात बहुधा दिसतच नाही, आणि त्याहून मोठी गाठही गळपट्टीच्या हाडामागे, हृदयामागे, डायफ्रामच्या घुमटाखाली किंवा मुळाशी असलेल्या रक्तवाहिन्यांच्या गर्दीत दडू शकते. काही त्रास नसलेल्या लोकांची एक्स-रेने चाळणी करून या कॅन्सरचे मृत्यू कमी होतात का, हे अमेरिकेत दीड लाखाहून अधिक लोकांवर तपासलं गेलं. 2011 साली निष्कर्ष आला की होत नाहीत. रक्ताच्या तपासण्यांचंही तेच. पॅकेजमध्ये हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, कोलेस्टेरॉल असतं. यातलं काहीही फुप्फुसाच्या गाठीबद्दल बोलत नाही. काही पॅकेजेसमध्ये सीईए नावाचा 'कॅन्सर मार्कर' जोडलेला असतो. पैसे देऊन तो करून घेऊ नका. लवकरच्या आजारात तो बहुतेकदा नॉर्मलच येतो आणि इतर साध्या कारणांनी वाढलेलाही असू शकतो.

इथवर कुणाचंच चुकलं नाही. इथून पुढे दुसरा काळ सुरू होतो.

विदर्भात या काळाचे पहिले काही आठवडे उन्हाळा खाऊन टाकतो. एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या आसपास, घरोघरी कूलर लागलेले. खोकला आला की "कूलरची हवा लागली", वजन उतरलं की "उन्हाळ्यात जेवण कुठे जातं", थकवा आला की "ऊन लागलं". मधुमेह असेल तर वजन कमी झाल्याचा घरच्यांना आनंदच होतो. त्यातून घरात लग्न असलं तर "आधी लग्न आटपू द्या". मुलगा सांगत असतो, "दोन महिन्यांपासून खोकलून राहिले, पण ऐकत नाहीत", आणि वडील शेजारी बसून म्हणतात, "काही नाही हो डॉक्टरसाहेब, थोडासाच आहे." तुम्ही जे समजलात ते इथल्या कोणत्याही घरात समजलं गेलं असतं.

त्यानंतर येते टीबी. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त वेळ इथे जातो.

जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी जवळपास चौथा हिस्सा भारतात आहे. त्यामुळे खोकला, बारीक ताप, वजन घटणं आणि एक्स-रेवर डाग, एवढं समोर आलं की डॉक्टरच्या मनात पहिलं नाव टीबीचं येतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही निघतं. नेमकी हीच लक्षणं कॅन्सरचीही असतात. वरच्या भागातला डाग, कफात रक्ताची रेघ, छातीत पाणी, मानेत गाठ, यातलं काहीही दोन्ही आजारांत होतं. म्हणून डागावरून टीबी ठरवणं आणि जंतू सापडल्यावर टीबी ठरवणं यांत फार मोठा फरक आहे. आज सीबीनॅट तपासणीत कफातल्या टीबीच्या जंतूचा जनुकीय पुरावा काही तासांत मिळतो, आणि सरकारी व्यवस्थेत ती मोफत होते. कफ निघत नसेल तर दुर्बिणीने, म्हणजे ब्राँकोस्कोपीने, फुप्फुसातून नमुना घेता येतो. पुराव्याविना एकेटी सुरू करायची वेळ कधी कधी येते, मी तेही करतो. पण तेव्हा फाइलवर ठळक लिहून ठेवायला हवं की निदान पक्कं नाही, आणि सहा ते आठ आठवड्यांनी वजन, ताप, एक्स-रे पुन्हा पाहायचे. सुधारणा नसेल तर गोळ्या पुढे ढकलत न राहता सीटी स्कॅन आणि गाठीच्या तुकड्याची तपासणी (बायोप्सी). पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या बाबतीत मी याला आणखी धरून राहतो.

फसवणारी एक गोष्ट अशी की कॅन्सर असतानाही औषधांनी मधेच बरं वाटतं. गाठीने नळी अर्धवट बंद केलेली असते, तिच्या मागे कफ साचून न्यूमोनिया होतो. अँटिबायोटिकने न्यूमोनिया उतरतो, ताप जातो, भूक लागते. घरचे निश्चिंत होतात. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा न्यूमोनिया, आणि तोही त्याच जागी. एकाच जागी दुसऱ्यांदा आलेला न्यूमोनिया दिसला की सीटी स्कॅन केल्याशिवाय मी रुग्णाला सोडत नाही. पन्नाशीपुढच्या किंवा धूम्रपान करणाऱ्या माणसाचा न्यूमोनिया बरा झाल्यावरही सहा आठवड्यांनी एक एक्स-रे काढावा, डाग पूर्ण गेला का ते बघायला. एरवी ठणठणीत झालेला माणूस यासाठी परत येत नाही; घरच्यांनी आणावं लागतं.

छातीतल्या पाण्याचंही असंच. तरुण मुलाच्या छातीत पिवळसर पाणी सापडलं, त्यातला एडीए नावाचा घटक वाढलेला असला, तर आपल्याकडे ते बहुधा टीबीचं. साठीच्या माणसाच्या छातीतलं पाणी लालसर असेल किंवा काढल्यावर पुन्हा भरत असेल, तर कॅन्सर समोर ठेवूनच पुढे जायचं. कॅन्सरमुळे साचलेल्या पाण्यातही एका वेळच्या तपासणीत साधारण 60 टक्के रुग्णांतच कॅन्सरच्या पेशी हाती लागतात. म्हणून 'पेशी आढळल्या नाहीत' या एका रिपोर्टवर थांबू नये. पुन्हा पाणी पाठवावं, गरज पडली तर आवरणाचा तुकडा घ्यावा.

काही रुग्ण तर छातीच्या डॉक्टरकडे येतच नाहीत, कारण त्रास छातीत नसतोच. डाव्या स्वररज्जूला जाणारी नस छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि पुन्हा गळ्याकडे चढते. तिथल्या गाठीने ती दाबली की आवाज बसतो. माणूस महिनाभर गुळण्या करतो, हळदीचं दूध पितो. तीन आठवड्यांहून जास्त आवाज बसला असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वररज्जू पाहून घ्या, आणि डावी रज्जू हलत नसेल तर छातीचा सीटी स्कॅन ओघाने आलाच. फुप्फुसाच्या अगदी टोकावरची गाठ हाताच्या नसांना धरते, आणि खांदा दुखतो म्हणून महिनोन्‌महिने फ्रोझन शोल्डरचे व्यायाम चालतात. फ्रोझन शोल्डरमध्ये सांधा आखडतो, हात वर जात नाही. या गाठीत सांधा बऱ्यापैकी हलत असतो, पण दुखणं हाताच्या आतल्या बाजूने करंगळीपर्यंत उतरतं, रात्री वाढतं, आणि कधी त्याच बाजूच्या डोळ्याची पापणी थोडी खाली येते. पापणीचा हा बदल घरच्यांच्या लक्षात आधी येतो, जुन्या फोटोशी ताडून पाहिला की. याशिवाय आडवं झाल्यावरही न थांबणारी पाठदुखी, आयुष्यात पहिल्यांदाच आलेली फिट, सोडियम उतरून झालेला गोंधळ: या वाटांनीही हा आजार समोर येतो, पण तोवर तो बहुधा पसरलेला असतो.

बोटांकडे लक्ष द्या एवढं मी प्रत्येकाला सांगतो. दोन्ही हातांच्या तर्जनींची नखं पाठीला पाठ लावून धरा. नखांच्या मुळाशी मधे शंकरपाळ्याच्या आकाराची बारीक फट दिसते. ती फट नाहीशी झाली असेल, टोकं फुगीर झाली असतील, तर छाती तपासून घ्यायला हवी. कारण कॅन्सरच असेल असं नाही, पण काहीतरी कारण असतंच, अपवाद फक्त जन्मापासूनच तशी बोटं असलेल्या घराण्यांचा.

सीटी स्कॅनमध्ये गाठ दिसल्यानंतरही काही कुटुंबं तिथेच थांबतात. "लोखंड लागलं की कॅन्सर पसरतो" हे मी आजही ऐकतो. सुईमुळे आजार पसरण्याचा धोका फार फार कमी आहे; तुकडा न तपासता गेलेल्या तीन महिन्यांचा धोका खरा आहे.

बाबा बिडी ओढत नव्हते, हेही उशिराचं एक कारण ठरलं असणार. आपल्या भागात तंबाखू म्हटलं की खर्रा आणि तोंडाचा कॅन्सर आठवतो, आणि फुप्फुसाचा कॅन्सर म्हटलं की बिडी-सिगारेट. न ओढणाऱ्यालाही तो होतो ही गोष्ट लोकांच्याच काय, काही डॉक्टरांच्याही मनात मागे राहते. भारतातल्या रुग्णांमध्ये कधीच धूम्रपान न केलेल्यांचं प्रमाण युरोप-अमेरिकेपेक्षा जास्त आहे, बायकांमध्ये तर विशेष. बाहेरच्या प्रदूषित हवेला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2013 साली कॅन्सरकारक म्हणून नोंदवलं, डिझेलच्या धुराला त्याआधी 2012 साली. कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रं, उमरेड-सावनेरच्या कोळसा खाणी, महामार्गांवरचे ट्रक, गावाकडची चूल हे सगळं आपल्या श्वासात आहे. पण एका माणसाच्या गाठीकडे बोट दाखवून ती अमुकच धुराने झाली असं मी सांगू शकत नाही, आणि कुणी ठामपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

आता आई आणि काका. दोघांचं उत्तर वेगळं आहे.

आईला काही त्रास नसेल आणि त्यांनी कधी धूम्रपान केलं नसेल, तर सीटी स्कॅन करू नका. ज्यांना त्याचा फायदा सिद्ध झाला आहे तो गट दीर्घकाळ धूम्रपान करणाऱ्यांचा आहे. अमेरिकेत 53 हजारांहून जास्त अशा लोकांवर अभ्यास झाला. 2011 साली त्याचा निकाल आला: कमी किरणांचा सीटी स्कॅन दर वर्षी केलेल्या गटात, एक्स-रे काढलेल्या गटाच्या तुलनेत, फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू 20 टक्क्यांनी कमी होते. त्याच अभ्यासात सीटीवर 'संशयास्पद' निघालेल्या निष्कर्षांपैकी सुमारे 96 टक्के कॅन्सर नव्हतेच. आपल्याकडे तर जुन्या टीबीचे व्रण कितीतरी छात्यांमध्ये आहेत. त्या प्रत्येकाच्या मागे सुया आणि काळजी लावून चालणार नाही. म्हणून सगळ्यांनी सीटी करून घ्या असं मी म्हणत नाही.

काकांनी मात्र छातीच्या डॉक्टरांशी याबद्दल बोलायलाच हवं. अमेरिकेतल्या 2021 च्या शिफारशीनुसार 50 ते 80 वयाच्या, रोज एक पाकीट याप्रमाणे 20 वर्षं किंवा त्याच्या बरोबरीचं धूम्रपान केलेल्या, आणि अजून ओढणाऱ्या किंवा 15 वर्षांच्या आत सोडलेल्या व्यक्तींनी दर वर्षी कमी किरणांचा सीटी स्कॅन करावा. बिडी छोटी दिसते म्हणून तिला सौम्य समजू नका. तिच्यातून येणारं टार सिगारेटपेक्षा कमी नसतं. तेंदूपत्त्यामुळे ती सारखी विझते, म्हणून जोरात आणि वरचेवर झुरके घ्यावे लागतात. भारतात या कॅन्सरसाठी राष्ट्रीय पातळीवरची चाळणी नाही. सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी होते. त्यामुळे काकांना स्वतःच पुढाकार घ्यावा लागेल. स्कॅन करायचा ठरला तरी बिडी सुटली पाहिजे, कारण स्कॅन फक्त शोधतो.

शेवटी बाबांबद्दल, कारण आज तेच महत्त्वाचं आहे. चौथा टप्पा ऐकून घरात सगळं संपल्यासारखं झालं असेल. पंधरा-वीस वर्षांपूर्वी मलाही फार काही सांगता आलं नसतं. आता धूम्रपान न करणाऱ्यांच्या अ‍ॅडेनोकार्सिनोमात बऱ्याचदा एखादा नेमका जनुकीय बदल सापडतो. ईजीएफआर हा त्यातला सगळ्यात जास्त आढळणारा, आणि तो भारतीय रुग्णांत युरोपीय रुग्णांपेक्षा जास्त प्रमाणात दिसतो. तो निघाला तर रोजच्या गोळीवर आजार दीर्घकाळ आटोक्यात राहू शकतो, कित्येकांच्या बाबतीत वर्षानुवर्षं. आजार मुळापासून जाईल असं वचन मी देणार नाही. पण माणूस घरी राहतो, जेवतो, हिंडतो, आणि हे थोडं नाही. म्हणून कॅन्सरतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत विचारा: ईजीएफआर, एएलके, आरओएस-1 या जनुकांच्या आणि पीडी-एल1 या प्रथिनाच्या तपासण्या पाठवल्या आहेत का? रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागू शकतात. बाबांची तब्येत स्थिर असेल तर तेवढं थांबून नेमकं औषध निवडणं बहुतेकदा योग्य ठरतं. दम फार लागत असेल तर डॉक्टर वेगळा निर्णय घेतील. पेशी कमी पडल्या तर काढलेल्या पाण्यातल्या पेशी मेणात जपून बनवलेल्या ब्लॉकवर किंवा रक्तावरही यातल्या काही तपासण्या होतात. एकेटी मनानेच बंद करू नका, छातीच्या डॉक्टरांना विचारूनच. क्वचित दोन्ही आजार एकत्र असतात. आणि ती सुरू असेल तर कॅन्सरतज्ज्ञांना आवर्जून सांगा, कारण त्यातल्या रिफॅम्पिसिनमुळे यातल्या बऱ्याच गोळ्यांचा असर कमी होतो.

यासाठी मुंबईलाच जावं लागतं असं नाही. मेडिकल (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय), मिहानमधलं एम्स, तुकडोजी चौकाजवळचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, एवढे पर्याय नागपुरातच आहेत. खर्चाची चिंता असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या काउंटरवर आधी चौकशी करा आणि रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा. मागच्या वर्षीचा तो नॉर्मल एक्स-रेही घेऊन जा, नव्या चित्राशी ताडून पाहायला त्याचा उपयोग होतो. सीटीची फक्त छापील पानं न नेता सीडी न्या. आणि ज्या लॅबने पाणी तपासलं तिथून ब्लॉक आणि स्लाइड्स मागून घ्या. त्या रुग्णाला मिळू शकतात, आणि त्या हातात असल्या तर पुढच्या तपासण्यांसाठी बाबांना बहुधा पुन्हा सुई लावावी लागणार नाही.